टोकन दिले, पण बांधले कोण गेले?

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे



घर विकत घेणाऱ्या माणसाची आपल्या खात्याशी पहिली गाठ पडते ती साठेखताच्या दिवशी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत टोकन नंबरची वाट बघायची, कॅमेऱ्यासमोर बसायचे, यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि बाहेर येऊन साक्षीदारांना चहा पाजायचा. आपल्या दप्तरात व्यवहार त्या दिवशी जन्माला येतो. प्रत्यक्षात तो पंधरा दिवस, महिना, कधी तीन महिने आधीच सुरू झालेला असतो. फ्लॅट बघून झालेला असतो, घासाघीस झालेली असते, पैसे गेलेले असतात, बँकेत फाइल पडलेली असते. या मधल्या काळात कोण कोणाला बांधील असतो, या एकाच प्रश्नासाठी हे पत्र आहे, आणि ते उघडपणे लिहायचे कारण असे की हा प्रश्न पडलेला मी एकटा नाही.

एजंट सांगतो, टोकन दिले की फ्लॅट तुमचा. शेजारचे काका सांगतात, रजिस्ट्रेशन होईपर्यंत काही खरे नसते. मालक सांगतो, मागे हटलात तर टोकन विसरा. तिघेही ठामपणे बोलतात आणि तिघांचेही अर्धेच बरोबर असते. राज्यात लाखांनी घरांचे व्यवहार होतात आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम माणूस या अर्ध्या माहितीवर लावतो.

कायद्याचे म्हणणे तसे जुने आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला, मोबदला ठरला, दोघे सज्ञान आणि आपखुशीने बोलत होते, की करार झाला. जसाच्या तसा, हे महत्त्वाचे. घेणाऱ्याने ऐंशी लाख म्हटले आणि मालक म्हणाला, “ऐंशी चालतील, पण पार्किंगचे दोन लाख वेगळे”, तर तो होकार नव्हे. तो मालकाचा नवा प्रस्ताव झाला आणि आता हो किंवा नाही म्हणायची पाळी घेणाऱ्याची. स्वीकाराचा निरोप समोरून निघण्याआधी आपला प्रस्ताव मागे घ्यायची मोकळीकही प्रत्येकाला आहे. आणि जिथे अटी इतक्या मोघम असतात की नेमके काय ठरले हे सांगताच येत नाही, तिथे त्याच कायद्याचे २९ वे कलम म्हणते की असा करार मुळात निरर्थक.

यात सहीचा उल्लेख नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आलोका बोस खटल्यात सांगितले की घरविक्रीचा करार तोंडीसुद्धा होऊ शकतो, आणि लेखी असेल तर त्यावर एकट्या विकणाऱ्याची सही असली तरी, घेणाऱ्याने तो मान्य केलेला असला की, तो टिकतो. म्हणजे शेजारच्या काकांचे चुकले. पण एजंटचेही बरोबर आले असे नाही. १९९० च्या ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले होते की तोंडी करारावर दावा लावणाऱ्याच्या डोक्यावर ओझे फार मोठे असते. सगळ्या महत्त्वाच्या बाबींवर दोघांचे एकमत झाले होते, मागे काही ठरायचे उरले नव्हते, हे त्याला सिद्ध करावे लागते. “भाव ठरलाय, बाकीचे बसून बोलू” एवढ्यावर अजून कोणी बांधला गेलेला नसतो. आता ही बोलणी व्हॉट्सअॅपवर होतात. ते संदेश इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून कोर्टात मांडता येतात, हे खरे. पण त्यात जे ठरलेच नव्हते ते पुराव्याने ठरत नाही. ‘डन’ लिहून अंगठ्याचे चित्र टाकणाऱ्याने नेमके काय डन केले, हे वरचे सगळे संदेश वाचूनच कळणार.

आता ज्या कागदावर हे सगळे उभे असते तो कागद एकदा जवळून बघा. आमच्या नात्यातल्या एका मुलीने सिंहगड रोडला एका जुन्या सोसायटीत रिसेलचा टू बीएचके पसंत केला. रविवारी दुपारी फ्लॅट पाहिला, संध्याकाळी एजंटचा फोन, “दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन टाका.” तिने मालकाला यूपीआयने एक लाख पाठवले. (एका दिवसात एवढेच जातात, टोकनचा भाव हल्ली बाजार ठरवतो की मोबाइलचे अॅप, कोण जाणे.) पावती मिळाली ती वहीच्या अर्ध्या पानावर, रेव्हेन्यू स्टँपवर सही करून. तिच्यावर तारीख होती, रक्कम होती, ‘फ्लॅट नं. ११ पोटी टोकन’ असे शब्द होते आणि खाली ‘उर्वरित व्यवहार ठरल्याप्रमाणे’. इमारतीचे नाव नव्हते. एकूण किंमत नव्हती. साठेखत किती दिवसांत करायचे, कर्ज मंजूर झाले नाही तर काय, सर्च रिपोर्टमध्ये खोट निघाली तर काय, पार्किंग कोणते, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, ताबा कधी, यातले एक अक्षर नव्हते. आणि फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असताना सही फक्त नवऱ्याची होती. बायकोने अधिकार दिलेला नसेल तर अशा पावतीने तिच्या हिश्शाचे काही बिघडत नाही, हे वकिलाने पुढे सांगितले, तोवर बँकेची प्रोसेसिंग फी भरून झाली होती.

पुढचे थोडक्यात. दीड महिन्याने मालकाला पाच लाख जास्त देणारा भेटला. एक लाख परत आले, वर एक फोन: “माफ करा, मिसेस तयार नाहीत.” सर्चचे पैसे, वकिलाची फी, बँकेची फी, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च सगळा तिच्या खाती. दावा लावावा का, असे तिने विचारले. वकिलाने पावती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. टोकन टाकून गायब होणारे घेणारेही खंडीभर आहेत. ज्याने आपला फ्लॅट विकायचा म्हणून दुसरीकडे स्वतः टोकन दिले, दारात आलेली दोन गिऱ्हाइके परत पाठवली, त्या मालकाला तीन महिन्यांनी “लोन झाले नाही हो” असे ऐकावे लागते. त्याच्या हातातही तसाच अर्ध्या पानाचा कागद असतो.

मग त्या पैशांचे काय? इथे लोकांच्या समजुती सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात चुकीच्या. घेणारा हटला तर दिलेले सगळे बुडते आणि मालक हटला तर दुप्पट मिळते, असे सर्रास म्हटले जाते. कायद्यात असा सरसकट नियम नाही. इसार म्हणून दिलेली रक्कम वेगळी आणि किमतीपोटी दिलेला हप्ता वेगळा. इसार म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची हमी, म्हणून शब्द मोडणाऱ्याचा तो जाऊ शकतो. हप्ता तसा गिळता येत नाही. १९६३ च्या फतेहचंद खटल्यात दिल्लीतल्या एका बंगल्याचा १९४९ चा सौदा होता, किंमत एक लाख बारा हजार पाचशे. करारावेळी एक हजार दिलेले, ताबा देताना आणखी चोवीस हजार. घेणाऱ्याने पुढचे दिले नाहीत म्हणून मालकाने पंचवीसही हजार जप्त केले. न्यायालयाने एक हजार जप्त करू दिले. चोवीस हजारांना ती जप्ती लागू होत नाही असे सांगितले. उलट २०१२ च्या सतीश बत्रा खटल्यात सत्तर लाखांच्या सौद्यातले सात लाख गेले, कारण ते इसार असल्याचे आणि चूक घेणाऱ्याची असेल तर ते जप्त होतील असे करारात स्पष्ट लिहिलेले होते. ‘दुप्पट’ची गोष्टही तशीच: लिहिलेले असेल तरच तिचा विचार होतो, आणि तेव्हाही करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. आमच्या त्या पावतीवरचे ‘टोकन’ म्हणजे यातले काय, हे पावतीच सांगत नव्हती.

नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याची स्थिती यापेक्षा पुष्कळ बरी आहे. मोफा हा महाराष्ट्राचा कायदा १९६३ पासून सांगत होता की नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त घेऊ नये. पुढे आलेल्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याच्या १३ व्या कलमाने ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, अलॉटमेंट लेटरचा नमुनाच घालून दिला आहे. त्यात पंधरा दिवसांत नाही म्हटले तर कपात नाही, आणि पुढे जसजसा उशीर होईल तशी कपात वाढत दोन टक्क्यांपर्यंत जाते. गुरुग्रामच्या एका प्रकल्पात बिल्डरने वीस टक्के जप्तीची अट घातली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकतर्फी ठरवली आणि दहा टक्क्यांची मर्यादा कायम केली. म्हणजे बिल्डर समोर असेल तर घेणाऱ्याच्या मागे एक प्राधिकरण, एक नमुना, एक टक्केवारी उभी आहे. तोच माणूस तोच पैसा घेऊन शेजारच्या जुन्या इमारतीत गेला की वहीचे अर्धे पान. रिसेल महारेराच्या कक्षेत येत नाही. तिथे राज्याचा हात पोचतो तो फक्त आपल्या खात्याचा, आणि तोही शेवटी.

आता मुख्य अडचण. समजा पावती नीट आहे, सगळ्या अटी लिहिल्या आहेत, दोन्ही मालकांच्या सह्या आहेत. करार बंधनकारक झाला. तरी तो माणसांना बांधतो, घराला नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम स्वच्छ शब्दांत सांगते की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. मालक उलटला तर घेणारा विशिष्ट अनुतोष कायद्याखाली, म्हणजे ‘पैसे नकोत, ठरलेले घरच द्या’ असा, दावा लावू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणे न देणे पूर्वीसारखे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलेले नाही. साठेखत नोंदलेले नसले तरी अशा दाव्यात कराराचा पुरावा म्हणून ते चालते. मुद्रांक मात्र पुरा हवा. आपण स्वतः सतत तयार आणि इच्छुक होतो हे दाखवावे लागते, आणि मुदत तीन वर्षांची. इतके सगळे करून तो कोर्टात पोचला आणि कळले की मालकाने मधल्या काळात तिसऱ्याला खरेदीखत करून दिले. त्या तिसऱ्याने पूर्ण पैसे मोजले असतील, मनात खोट नसेल आणि पहिल्या कराराची खबर त्याला नसेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. बरोबरच आहे; त्या बिचाऱ्याचा काय दोष? पहिल्याच्या हाती उरते भरपाईची मागणी.

सगळे अडते ते त्या खबरीवर. ती पोचवायची आजची सोय कोणती? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची जाहीर नोटीस: ‘आमचे अशील खालील मिळकत निर्वेध हक्काने विकत घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल.’ ती वाचतात वकील, आणि शेजारच्या गॅसगळतीच्या बातमीसाठी पान उलटणारे दोनचार जण. पुढच्या महिन्यात त्याच फ्लॅटचा सर्च घेणाऱ्या वकिलाला आपल्या दप्तरात तिचा मागमूस सापडत नाही.

आणि इथेच मला आपल्याकडे बोट दाखवायचे आहे, कारण हीच सोय आपण एका दुसऱ्या पक्षाला करून दिलेली आहे. बँकेकडे मूळ कागद ठेवून गृहकर्ज घेतले तर वेगळे गहाणखत नोंदवावे लागत नाही, पण कर्जदाराने तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल करावी लागते. राज्याने नोंदणी कायद्यात ८९-ब हे कलम घातले, २०१३ पासून हे चालू आहे, न दिल्यास शिक्षेचीही तरतूद आहे, आणि आता ही नोटीस ऑनलाइन भरता येते. का केले? कारण एकाच फ्लॅटवर दोन बँकांकडून कर्जे उचलली जात होती. ते थांबवणे योग्यच होते. मग एकाच फ्लॅटवर दोन माणसांकडून टोकन उचलले जाते, त्यासाठी तशीच नोटीस का नसावी? बँकेकडे वकिलांची फौज असते. सिंहगड रोडवरच्या मुलीकडे फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट होता.

मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली आपण उद्याही करू शकता: आपल्या संकेतस्थळावर इसारपावतीचा एक पानी नमुना, मराठीत. त्यात मिळकतीचा पूर्ण पत्ता आणि क्षेत्रफळ, इंडेक्स-टू या नोंदणीच्या उताऱ्याप्रमाणे सर्व मालकांची नावे आणि सह्या, एकूण किंमत, दिलेली रक्कम इसार आहे की हप्ता, साठेखताची शेवटची तारीख, कर्ज न झाल्यास आणि हक्कात दोष निघाल्यास काय, आणि दोघांपैकी कोणी हटल्यास किती रक्कम कोणाकडे. आणि सगळ्यात वर दोन चौकोन: ही पावती सह्या होताच दोघांवर बंधनकारक आहे; किंवा, साठेखत होईपर्यंत कोणीही बांधील नाही, रक्कम पूर्ण परत. ज्याला जे हवे ते त्याने निवडावे. इंग्लंडमध्ये घराचा भाव मान्य झाला तरी लेखी करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघेही मोकळे असतात. तिकडच्या नातेवाइकांकडून ऐन वेळी जास्त देणाऱ्याला घर गेल्याच्या कहाण्या आपणही ऐकल्या असतील. ती पद्धत फार प्रेमळ आहे असे मी म्हणत नाही. पण तिकडे रेघ कुठे आहे ते दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असते. आपल्याकडे ती वकिलाच्या ऑफिसात, भांडण झाल्यावर सापडते.

दुसरी मागणी वेळ खाईल: या पावतीची ऑनलाइन नोटीस, अल्प फीमध्ये. आपल्याकडे भाडेकराराची नोंदणी घरबसल्या होते, तशीच दोन्ही बाजूंच्या आधार पडताळणीने. साठ दिवस झाले की आपोआप रद्द. सर्च घेणाऱ्याला ती दिसली पाहिजे आणि दिसली म्हणजे त्याला खबर होती असे कायद्याने धरले गेले पाहिजे. त्यासाठी ८९-ब सारखी दुरुस्ती विधिमंडळाकडून करून घ्यावी लागेल, परिपत्रकाने भागणार नाही, याची कल्पना आहे.

आपल्याकडून येऊ शकणारे आक्षेप मी गृहीत धरतो. दुय्यम निबंधक हा काही न्यायाधीश नव्हे, करार झाला की नाही हे तो कसे ठरवणार? ठरवू नये, नोटीस फाइल करावी, जशी बँकेची करतो. उद्या कोणी उठून दुसऱ्याच्या फ्लॅटवर नोटीस टाकेल? मालकाची पडताळणी सक्तीची असली तर टाकता येणार नाही, आणि साठ दिवसांची मुदत म्हणून फ्लॅट कायमचा अडकणारही नाही. मुद्रांकाचे काय? हा रास्त मुद्दा आहे. ताबा दिलेल्या किंवा द्यायचे ठरलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतका मुद्रांक लागतो, आणि ती भीती असली तर पावतीवर कोणी नीट लिहिणारच नाही. ताब्याविना, साठ दिवसांपुरत्या इसारपावतीला नाममात्र मुद्रांक आणि पुढच्या साठेखतात त्याची वजावट, असे स्पष्टीकरण लागेल. नाहीतर लोक शंभराच्या स्टँपपेपरवरून पाचशेच्या पेपरवर गेले तसे तिथेच थांबतील आणि त्यावर तेच अर्धे पान उतरवतील.

एक आक्षेप मात्र आपण कागदावर घेणार नाही, म्हणून मीच बोलतो. रिसेलच्या पावतीवर एकूण किंमत नसते ती नेहमी निष्काळजीपणामुळे नसते. “व्हाइट किती, कॅश किती” हे जोवर ठरत नाही तोवर आकडा लिहायचा नसतो. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही, व्यवहार पुढे झाला काय नि फिसकटला काय. तरी पावत्या कोऱ्या राहतात. किंमत न लिहिण्यात मालकाचा फायदा, एजंटची सोय, आणि घेणाऱ्याचाही थोडा मुद्रांक वाचतो असा समज. पण ज्या आकड्यामुळे करार पक्का होतो तोच आकडा लपवला, तर भांडण झाल्यावर कोर्टाला दाखवायला काय उरते? नमुना पावती आली की किंमत पहिल्याच दिवशी कागदावर येईल आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याच्या आकड्यावर गुपचूप येऊन टेकणारे काही व्यवहार खऱ्या भावाने नोंदले जातील. याला विरोध होईल तो याच कारणाने, फक्त तो ‘ग्राहकाला कशाला कागदपत्रांचा त्रास’ अशा शब्दांत होईल. आपल्या खात्याचे उत्पन्न मुद्रांकावर चालते. आपल्याला हे मी सांगायला नको.

पहिल्या मागणीला मंत्रिमंडळ लागत नाही, अधिसूचना लागत नाही. एक पान टाइप करून संकेतस्थळावर चढवायचे आहे. मसुदा करताना एखादा रिसेलचा एजंट, सहकारी गृहनिर्माण संस्थेचा एखादा सचिव आणि नुकतेच टोकन बुडालेला एखादा माणूस समोर बसवावा, एवढीच सूचना. नाहीतर तो बारा पानांचा होईल. मला वेगळे उत्तर पाठवू नये. नमुना आला की कळेलच.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक फ्लॅटधारक